प्रल्हादरावांची मोटार आणि माझा हेवा

श्री. प्रल्हादराव वानखडे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून हा ग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा समितीच्या मंडळींनी मला बजावले, "तुम्ही मोकळेपणाने लिहा." मोकळेपणाने लिहायचे तर पहिल्याच परिच्छेदात सांगितले पाहिजे की मला प्रल्हादरावांचा हेवा वाटतो. आमची ओळख झाली त्या दिवसापासून वाटतो. त्यांच्याविषयी आदर बाळगणारी माणसे चिखलीपासून जळगाव जामोदपर्यंत पुष्कळ आहेत आणि त्यांनी या ग्रंथात तो आदर माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडला असेल. हेव्याचे खाते मात्र माझ्याकडे असावे, असे मीच समितीला सुचवले.

संयुक्त महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झाले होते. चिखलीला मी नुकतेच साप्ताहिक सुरू केले होते आणि उंद्रीच्या नव्या शाळागृहाची बातमी घ्यायला गेलो होतो. परतीची बस चुकली. दिवे लागले होते. पाटलांच्या अंगणातून हसण्याचा मोठा आवाज आला म्हणून डोकावलो, तर अख्खे गाव पोती अंथरून बसलेले. समोर ओले धोतर ताणून बांधले होते आणि त्यावर एका माणसाचे फक्त दोन हात दिसत होते. ते हात पान्याने एक नट खोलत होते. नट निघाला, परातीत पडला. दुसरा नट, तोही परातीत पडला. यात हसण्यासारखे काय आहे, हे मला कळेना. तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "आता उलटं फिरवा, वयनी!"

प्रोजेक्टरपाशी बसलेल्या सुमनवहिनींनी हँडल उलटे फिरवायला सुरुवात केली. परातीतला नट उडी मारून बोटांत आला, बोटांनी तो आट्यावर चढवला, पान्याने घट्ट बसवला. अंगण हसून लोटपोट झाले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यांनी मला ढोसले. "पाह्यलं? नट सोताहून येऊन राह्यला हातात! आमच्या घरी तं हाक मारली तरी कोनी येत नाही."

ते हात प्रल्हादरावांचे होते, आणि हँडल फिरवणाऱ्या सुमनवहिनी त्यांच्या पत्नी. खेळ संपल्यावर मी त्यांना विचारले, ही करमणूक आपण कशासाठी करता? ते गंभीरपणे म्हणाले, "करमणूक गावाची होते, मास्तराचं काम होते. मले मशीन खोलता येते, संपादकसाहेब, पन जोडता येत नाही. कोनतं कुठं होतं, तेच ध्यानात राहत नाही. म्हनून खोलतानाच फिल्म काढून ठेवतो. जोडाची वेळ आली की उलटं फिरवतो अन् तसंच करतो. मानूस इसरते. फिल्म खोटं बोलत नाही."

जे मशीन ते खोलत होते, ती शर्यतीची मोटार होती. प्रल्हादराव चिखलीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवीत आणि रोज उंद्रीहून ये-जा करीत. खामगावच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या शेडमध्ये, सरकीच्या ढिगाआड, त्यांना ती सापडली होती. युद्धाच्या आधी तिथे असलेल्या कोणा गोऱ्या इंजिनिअरने ती विलायतेहून आणवली होती म्हणतात. दोन माणसांपुरती जागा, छप्पर नाही, मागचा भाग माशासारखा निमुळता. कंपनीच्या नावाची पट्टी गंजून गेली होती. लाकडी सांगाडा वाळवीने खाल्ला होता, पत्र्याचा निम्मा भाग कोणी चुलीवर झाकायला नेला होता. उरलेली मोटार दोन बैलगाड्यांवर लादून प्रल्हादराव घरी घेऊन आले. त्याच सुमारास त्यांनी एक जुना, चावी भरून चालवायचा छोटा सिने-कॅमेरा मिळवला आणि हाताने फिरवायचा एक प्रोजेक्टर. त्याचा दिवा मोटारीच्या बॅटरीवर लागे. फिल्म धुवायला मुंबईला पाठवावी लागे आणि ती परत येईपर्यंत पुढचा भाग खोलायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

इथून माझ्या हेव्याला सुरुवात झाली. मी आठवड्याला एक अंक काढणारा माणूस. बुधवारी सायंकाळी मजकूर जुळणीला गेला नाही, तर गुरुवारी मशीन थांबते. लेख पुरा झाला म्हणून मी कधी खाली ठेवला नाही. वेळ संपली म्हणून ठेवला. आणि हे गृहस्थ एका पुढच्या झाकणासाठी पत्रा ठोकत होते, तो मनाजोगता वळेना म्हणून पुन्हा सपाट करत होते आणि पुन्हा ठोकत होते. सांगाड्यासाठी साग हवा होता. तो चिखलीत मिळत होता. पण प्रल्हादरावांना सातपुड्याच्या पायथ्याचा, उन्हाळे-पावसाळे खाल्लेला साग हवा म्हणून ते जळगाव जामोदला जाऊन एका मोडलेल्या धाब्याच्या घराच्या तुळया घेऊन आले. मी एकदा विचारले, "गाडी केव्हा पुरी होणार?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांना नदी केव्हा पुरी होणार असे विचारले होते. मग म्हणाले, "केव्हा म्हंजे? झाली की होईन." त्या रात्री अग्रलेख लिहिताना मला तो प्रश्न आणि ते उत्तर दोन्ही डाचत होते.

लोक त्यांच्याकडे जात, याचाही मला हेवा वाटे. माझ्या साप्ताहिकाचा बीबी या गावी एक वर्गणीदार होता आणि तोही अंक उघडीत नसे, असे पोस्टमनने मला सांगितले होते. त्याच बीबीला प्रल्हादराव एका लग्नाच्या निमित्ताने प्रोजेक्टर घेऊन गेले, तर शेजारच्या खेड्यांतून बैलगाड्या आल्या. कशासाठी? एक पिस्टन रॉकेलात धुतला जातो आहे, हे बघण्यासाठी!

त्यांच्या स्वभावाविषयी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, पुढे राहून जाईल. प्रत्येक रिळाच्या शेवटी थोडी फिल्म ते मोटारीसाठी वापरीत नसत. ती कोणा माणसासाठी राखलेली असे. सुताराची नवी सून, शाळेचा शिपाई, पाणी भरणारी बाई, ज्यांचा फोटो कोणी कधी काढला नव्हता अशी माणसे. एकदा ते माझ्याकडे चिखलीला आले होते. माझी आई दारात बसून नातीची वेणी घालत होती. यांनी चावी भरली आणि कॅमेरा लावला. आईने हात झटकला, "अगोबाई, माझा कशाला? तिचा काढा," म्हणाली आणि लाजून हसली. एवढेच.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. त्या बुधवारी मी तिच्यावर लिहिले. चांगले लिहिले, असे लोक म्हणाले. तेराव्यानंतर प्रल्हादराव बसने प्रोजेक्टर घेऊन आले. खोली अंधारी करून भिंतीवर त्यांनी ती एवढीशी फिल्म दाखवली. आईने हात झटकला, लाजली, हसली. मी मागितले नाही, तरी त्यांनी हँडल उलटे फिरवून पुन्हा सुरुवातीपासून दाखवले. माझ्या लेखात आईचे सगळे गुण होते. आई या फिल्ममध्ये होती. त्या दिवशी मी त्यांना चहा दिला, स्टँडपर्यंत पोचवायला गेलो, आणि वाटेत माझ्या मनात कृतज्ञता जेवढी होती तेवढाच मत्सर होता. दोन्ही अजून तेवढेच आहेत.

आता गोठ्याकडे वळतो. मोटार ठेवली होती ती बैलांच्या गोठ्यात, आणि प्रल्हादरावांचे वडील आबाजी पाटील यांचे बैल त्यामुळे पडवीत बांधले जात. उन्हाळ्यात ते चालून गेले. पावसाळ्यात पडवीत झड येई. आबाजी पाऊस आला की स्वतः पोते पांघरून बैलांजवळ उभे राहत आणि मुलगा ऐकेल एवढ्या आवाजात बैलांना म्हणत, "भिजा बाप्पा, भिजा. घरधनीन आत बसली हाये, तुम्हाले जागा नाही." एक पावसाळा त्यांनी असा काढला, दुसराही काढला. तिसऱ्या वर्षी आखाडात त्यांनी चारचौघांसमोर निकाल दिला. मी हजर होतो.

"पल्हाद, पोळ्याले माहे बैल गोठ्यात पाह्यजेत. खांदमळणी म्या पडवीत करनार नाही."

"गाडी होतेच हाये, आबाजी."

"होते तं होऊ दे. पोळ्याच्या आंदी तुही गाडी आपल्या पायानं बाहेर आली पाह्यजे. ढकलून नाही. दोरानं वढून नाही. आपल्या पायानं आली तं तिले शेड बांधून देईन. नाही आली तं करीच्या दिवशी खामगावचा भंगारवाला येऊन राह्यला. म्या सांगून ठेवलं त्याले."

प्रल्हादराव "हाव" एवढेच म्हणाले. आबाजींचा शब्द गावात फिरत नसे, घरात तर नाहीच. ज्या माणसाने आयुष्यात कधी तारखेकडे पाहिले नव्हते त्याला तारीख मिळाली. खरे सांगतो, मला थोडे बरे वाटले.

त्या महिन्या-दीड महिन्यात त्यांनी जे काम केले ते मी जवळून पाहिले. शाळेतून आल्यावर दिवस मावळेपर्यंतचा वेळ त्यांच्या हाती असे. अंगणात उजेड असल्यामुळे धोतरावरचे चित्र बाहेरून नीट दिसत नसे. म्हणून त्यांनी युक्ती केली. ओले धोतर गोठ्याच्या दारात बांधले, प्रोजेक्टर अंगणात बाजेवर ठेवला आणि स्वतः आत, अंधारात, मोटारीपाशी उभे राहिले. आतून चित्र लख्ख दिसे. वहिनी बाहेर बसून हँडल उलटे फिरवीत आणि आतून हुकूम येत.

"थांब! मागं घे. अजून मागं. पुढं!"

"अवो, मागं का पुढं, एक काहीतरी सांगा. चुलीवर भाकर करपून राह्यली माही!"

"भाकर दुसरी थापता येते. हे पाह्य, आता थांब, हालू नको!"

"मी नाही हालत. भाकर हालून राह्यली."

अशा रीतीने इंजिन जुळत गेले. पोळ्याच्या आठवडाभर आधी सगळे भाग जागेवर बसले. हँडल मारले. इंजिन खोकले, कार्बोरेटरमधून मोठा फटाका उडाला आणि सगळे शांत झाले. पुन्हा मारले. पुन्हा खोकला, पुन्हा फटाका. एक मिस्त्री येऊन पाहून गेला आणि कार्बोरेटर गेला म्हणाला. दुसरा म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. प्रल्हादरावांनी सगळे पुन्हा खोलले, फिल्म पुन्हा लावली, फिल्ममध्ये होते तसे पुन्हा जोडले. पुन्हा फटाका. ज्या पद्धतीवर त्यांचा एवढा विश्वास होता, तीच त्यांना पुन्हा पुन्हा त्याच जागी आणून सोडत होती. हसतमुख माणूस, पण त्या आठवड्यात त्यांच्या तोंडावरचे हसू गेले होते. शाळेत ते फळ्याकडे तोंड करून उभे राहत आणि पुढचे वाक्य विसरत, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी मला सांगितले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, मी उंद्रीला गेलो. जाण्यापूर्वी दोन मथळे जुळवून ठेवले होते, एक मोटार चालल्याचा आणि एक भंगारात गेल्याचा. आमच्या धंद्यात तसे करावे लागते. आभाळ भरले होते. गोठ्यात प्रल्हादराव, दाराबाहेर वहिनी, आणि मी आतल्या गव्हाणीवर बसलेला. धोतरावर तेच दृश्य: अंगणात ठेवलेले इंजिन, आणि ठिणगी पोचवणाऱ्या चार तारा टोपणातून एकेक करून निघत आहेत. मागच्या बाजूला एक बैल बांधलेला, रवंथ करीत होता.

तेवढ्यात गोठ्याच्या मागच्या दाराने आबाजी आले. हातात तूप-हळदीची वाटी. बैल आले की खांदे मळायचे, म्हणून ते आधीच येऊन उभे राहिले असावेत. आतल्या बाजूने ती फिल्म त्यांनी कधी पाहिली नव्हती. थोडा वेळ बघून त्यांनी विचारले, "हा बैल कोनाचा?"

"आबाजी, आत्ता नोका ना. आपला ढवळ्या हाये तो."

"ढवळ्या? हा?"

"हाव. तुमचाच. अंगनात बांधला होता तवा."

"अबे, ढवळ्याचं उजवं शिंग मोडकं हाये. ह्याचं डावं मोडकं हाये. कोनाचा बैल आनून बांधला होता बे माह्या अंगनात?"

"फिल्म खोटं बोलत नाही, आबाजी."

"मंग काय म्या खोटं बोलून राह्यलो? त्या शिंगात हळद म्या भरली, तुह्या फिल्मीनं नाही भरली!"

प्रल्हादराव काहीतरी उत्तर द्यायला वळले आणि तसेच थांबले. धोतरावरच्या त्यांच्या स्वतःच्या हाताकडे ते बघत होते. त्या हातावर घड्याळ होते, आणि तो उजवा हात होता. घड्याळ ते डाव्या हातात बांधत. पुढच्या क्षणी ते ओल्या धोतराखालून वाकून बाहेर गेले. बाहेरून त्यांनी कपड्याला नाक लावून, दोन्ही हातांचा आडोसा करून पाहिले. मग आम्हाला त्यांचे हसणे ऐकू आले. मोठे, पोटातून आलेले, थांबतच नव्हते.

"काय झालं वो?" वहिनींनी घाबरून विचारले.

"सुमन, मी इतके दिवस कपड्याच्या मांगून पाहून राह्यलो! उजवं ते डावं, डावं ते उजवं!"

"मंग? मी पुढूनच तं पाहून राह्यली. मले कोनी इचारलं?"

झाले होते ते असे. मोटारीचे बाकीचे भाग एकाच बाजूने बसतात. उलटे बसवू म्हटले तरी बसत नाहीत. तारांचे तसे नसते, त्या कोणत्याही भोकात बसतात. प्रल्हादरावांनी त्या आरशातल्यासारख्या उलट्या फेऱ्याने लावल्या होत्या. दोन सिलिंडरांना ठिणगी वेळेवर मिळत होती आणि दोघांना भलत्या वेळी. फिल्म खरी होती, इंजिनही ठीक होते. बघणारा माणूस पडद्याच्या मागे उभा होता.

त्यांनी दोन तारांची अदलाबदल केली आणि हँडल मारले. इंजिन एकदा खोकले, आणि मग असे गरजले की गोठ्याच्या कौलांतून धूळ पडली. "हळू बे, बैल बुजाडतीन!" आबाजी ओरडले. बाज बाजूला सारून धोतर वर उचलून धरायला मी आणि वहिनी धावलो. आणि ती मोटार, कोणी हात न लावता, आपल्या पायांनी, गोठ्यातून अंगणात आली.

अंगणाच्या मध्यावर प्रल्हादराव थांबले. बंद केले तर पुन्हा सुरू होईल की नाही या धास्तीने इंजिन तसेच चालू ठेवून ते स्टिअरिंग धरून बसून होते. कुंपणापलीकडे गाव जमले होते आणि त्यांना हाका मारत होते. त्यांची नजर समोर होती. कॅमेरा बाजेवर पडला होता, पण रिकामा. शेवटची फिल्म फसलेले प्रयत्न टिपण्यात संपली होती. म्हणून त्या दिवसाचे काहीच त्यांच्या फिल्मवर नाही, ही खंत ते अजून बोलून दाखवतात.

दुसऱ्या दिवशी बैलांनी तोरण तोडल्यावर, सगळ्या जोड्यांच्या मागे, बैलांच्या चालीने, ती शर्यतीची मोटार गावातून फिरली. भंगारवाला करीच्या दिवशी आला आणि पुरणपोळी खाऊन गेला. आबाजींनी दिवाळीच्या आत शेड बांधून दिली. प्रल्हादरावांनी पुढे सगळ्या रिळांची मिळून एक फिल्म जोडली, तेव्हा मी त्यांना संपादकाचा सल्ला दिला की फसलेले प्रयत्न कापून टाका. ते म्हणाले, "कापले तं मंग राह्यलं काय?" आज गावोगाव त्याच भागाला लोक सर्वांत जास्त हसतात, आणि सर्वांत मोठ्याने ते स्वतः हसतात. चारशे माणसांत बसून आपल्या चुकीवर असे हसता येणे ही मला अजून न साधलेली गोष्ट आहे.

आबाजी आता नाहीत. म्हणून एक गोष्ट मी आज लिहू शकतो.

त्या संध्याकाळी मोटार अंगणात थांबली तेव्हा वहिनींसह सगळे पुढून बघत होते. मी गोठ्याच्या दारात धोतर धरून मागे राहिलो होतो. आबाजी वाटी घेऊन बाहेर आले. मोटारीच्या निमुळत्या मागच्या भागापाशी उभे राहिले. इकडे तिकडे पाहिले. मग दोन बोटे तूप-हळदीत बुडवून त्यांनी त्या पत्र्याला आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने मळले, जसे बैलाचे दोन्ही खांदे मळतात तसे, सावकाश. आणि बैलांना म्हणतात तेच तिला म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." वळले तो मी दिसलो. क्षणभर ओशाळले. म्हणाले, "हे पेपरात नोको टाकू, संपादक. लोक हासतीन."

"नाही टाकत, आबाजी."

नंतर प्रल्हादरावांनी ते पिवळे डाग पाहिले आणि विचारले, तेव्हा आबाजींनी सांगितले, "ढवळ्यानं आंग घासलं असीन." प्रल्हादरावांनी ते खरे मानले. आजतागायत मानत असतील.

इतक्या वर्षांच्या हेव्यात माझ्याजवळ असे एकच काही आहे जे प्रल्हादरावांजवळ नाही. ते मी त्यांना त्यांच्या साठीनिमित्त देऊन टाकत आहे. फिल्म नाही, शब्दच आहेत. पण मी धोतर वर उचलून धरून पाहिलेले आहे, त्यात उजव्या-डाव्याची चूक नाही. प्रल्हादरावांना आणि सुमनवहिनींना निरोगी, लांब आयुष्य लाभो, शेडमध्ये मोटार आणि गोठ्यात बैल नांदोत, आणि येत्या खांदमळणीला प्रल्हादरावांनी वाटीत तूप-हळद कालवताना ती बैलांना पुरून थोडी उरेल एवढी कालवावी, एवढेच माझे त्यांच्याकडे मागणे आहे.